मिसेस लाऊंची अर्धी वाटी

ज्या बाईच्या पुरणपोळ्यांसाठी कॉव्हेंट्रीहून माणसं गाडी काढून येतात, तिची स्वतःची मुलगी जेवत नाही, ही बातमी आमच्या बर्मिंगहॅमच्या मंडळात पसरायला जेमतेम आठवडा लागला. वास्तविक क्लिनिकच्या खोलीत आम्ही तिघीच होतो: मी, माझी सात वर्षांची वरदा आणि आहारतज्ज्ञ बाई. पण बाहेरच्या खुर्चीवर मंडळातल्या सुहासिनीताई बसल्या होत्या, गुडघा दाखवायला. त्यांचा गुडघा गेलाय. कान शाबूत आहेत.

आहारतज्ज्ञ बाईंनी वजनाचा तक्ता माझ्यापुढे सरकवला. त्यावर इंग्लंडातल्या यच्चयावत मुलांच्या रेघा छान वळण घेत वर चढत होत्या आणि अगदी तळाशी, त्या रेघांच्या पायाशी, वरदाचे ठिपके होते. शेवटचे तीन एकाच उंचीवर. रक्त तपासून झालं होतं, पोट तपासून झालं होतं, कशातच काही सापडलं नव्हतं. "जानेवारीत पुन्हा बघू," बाई म्हणाल्या. "तोवर वाढ दिसली नाही तर हॉस्पिटलात ठेवून घ्यावं लागेल. कदाचित काही दिवस नळीने फीड." मग एक माहितीपत्रक हातात दिलं. नळी हा शब्द त्या अगदी हळू म्हणाल्या होत्या. मला तो बसमध्येही ऐकू येत होता.

हे २००६च्या एप्रिलमधलं. माझे यजमान श्रीकांत हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर आहेत. त्यांच्यासमोर माणूस 'दहा, नऊ, आठ' म्हणेपर्यंत झोपतो, त्यामुळे वाद घालायची त्यांना सवयच राहिलेली नाही. "मुलं आपण होऊन उपाशी राहत नाहीत, सुनेत्रा," एवढं बोलून ते पेपरात शिरले. पेपर उलटा नव्हता, पण पान मात्र पाऊण तास तेच होतं.

सुहासिनीताईंचा फोन त्याच संध्याकाळी.

"अगं, डाळिंबाचा रस दे. ओवा दे. आणि दृष्ट काढ तिची."

"काढली, ताई."

"कशाने?"

"मीठ-मोहऱ्यांनी."

"आणि मिरच्या?"

"स्मोक अलार्म वाजतो."

"मग कसली उतरणार ती दृष्ट!" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला, जणू माझ्या सगळ्या संसाराचं निदान झालं.

आमच्या डावीकडच्या शेजारीण मॉरीन. त्यांनी कॉड लिव्हर ऑइलची बाटली आणून दिली. त्यांच्या मते त्या तेलावर एक अख्खं महायुद्ध जिंकलं गेलंय. वरदाने बाटलीचा वास घेतला आणि दोन दिवस पाणीसुद्धा संशयाने प्यायली.

उजव्या बाजूला मिसेस लाऊ. सत्तरीच्या, मूळच्या हाँगकाँगच्या. तीस वर्षं त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्याने फिश अँड चिप्सचं दुकान चालवलं. तीस वर्षं इंग्रजांना तळून घातलं आणि घरी स्वतः वाफवलेलं खाल्लं. आमचं संभाषण इंग्रजीत चाले. त्यांचं इंग्रजी हाँगकाँगचं, माझं साताऱ्याचं, त्यामुळे व्याकरण दोघींच्याही वाटेत येत नसे. त्या मला सनी म्हणतात. सुनेत्रा म्हणायचा प्रयत्न त्यांनी एकदा केला होता, मग चहा घेतला.

तर एका शनिवारी मी ताटली घेऊन वरदाच्या मागे बागेत धावत होते. एक घास चिऊचा, एक घास काऊचा. बर्मिंगहॅममध्ये चिऊ-काऊ मिळतात, पण माझ्या मुलीचं त्यांच्यावर काडीचं प्रेम नाही. कुंपणावरून मिसेस लाऊंचं डोकं वर आलं.

"दूध कसलं देतेस?"

"फुल क्रीम. फ्रिजमधलं."

"थंड?" त्यांनी डोळे मिटले. "सनी, पोट म्हणजे चुलीवरचं भांडं. तू चुलीवर पाणी ओततेस. मग म्हणतेस शिजत नाही."

मी थबकले. कारण हेच, अगदी हेच, माझी आई म्हणायची. आईचं मी कधी ऐकलं नव्हतं. पण तेच कुणी परदेशी बाईने सांगितलं की त्याला शास्त्राचा वास येतो.

मिसेस लाऊंनी मला एका पाकिटाच्या पाठीवर चार ऋतू लिहून दिले. वसंतात सौम्य, किंचित गोड: कंद घातलेला मऊ भात. उन्हाळ्यात हिरव्या मुगाचं पातळ सूप आणि जवासारख्या दाण्यांचं पाणी. शरदात वाफवलेलं पेअर, कारण तेव्हा हवा कोरडी. हिवाळ्यात आलं, लाल खजूर, गरम सूप. आणि जड जेवण झालं तर हॉथॉर्नच्या फळाच्या चकत्या, एखाद-दोन. "औषध नाही," त्या बजावून म्हणाल्या. "जेवण. थोडंसं."

यातला 'थोडंसं' हा शब्द माझ्या डोक्यात शिरलाच नाही. मराठी स्वयंपाकघरात तो मिठाला वापरतात.

मी कॉलेजात गेलेली नाही. जे काय शिकले ते लायब्ररीतून आणून, रात्रीची भांडी झाल्यावर. त्यामुळे एखादी गोष्ट हातात घेतली की मी ती समूळ घेते. तीन पुस्तकं आणली. मोठ्या कार्डशीटवर चार रंगांत ऋतूंचा तक्ता काढला आणि फ्रिजवर लावला. सगळे लोहचुंबक त्यालाच लागले. मग बसने शहरात, हर्स्ट स्ट्रीटच्या चिनी दुकानात गेले. शाळेतल्या खडूसारख्या दिसणाऱ्या कंदाच्या चकत्या, लाल खजूर, ते जवासारखे दाणे आणि हिरवे मूग घेऊन आले. घरी आल्यावर श्रीकांतनी पिशवीत डोकावून विचारलं, "हे मूग ना?"

"चिनी मूग."

"आपल्याकडे जिन्याखाली दहा किलोचं पोतं आहे."

मी पिशवी स्वयंपाकघरात नेली. दोन तास ढवळून मिसेस लाऊंचा तो मऊ भात केला. चाखला. ती पेज होती. मुगाचं सूप म्हणजे कढण. म्हणजे तीन बस बदलून मी आजोळी जाऊन आले होते.

पण त्या रात्री वरदाने पाच चमचे पेज खाल्ली. स्वतःच्या हाताने. पाच! मी मोजत होते. श्रीकांत पेपराआडून मोजत होते. दुसऱ्या दिवशी मी त्यात तूप-जिऱ्याची फोडणी घातली, अंगाला लागावं म्हणून. तिसऱ्या दिवशी बदामाची पूड. चौथ्या दिवसापासून सकाळ, दुपार, संध्याकाळ. जिथे पाच चमचे जातात तिथे पंधरा का जाऊ नयेत? आठव्या दिवशी वरदाने वाटीकडे बघून तोंड मिटलं ते मिटलंच.

मग मी हॉथॉर्नच्या चकत्यांवर आशा ठेवली. बटणाएवढ्या, गुलाबी, पातळ, कागदाच्या सुरळीत एकावर एक रचलेल्या. आंबटगोड. वरदाला त्या आवडल्या. मी तिच्या शाळेच्या डब्यात अख्खी सुरळी ठेवली. अकरा वाजता शाळेच्या ऑफिसातून मिसेस प्रिचर्डचा फोन.

"तुमच्या मुलीच्या डब्यात गोळ्या सापडल्या आहेत. ती मैत्रिणींना वाटत होती."

"गोळ्या नाहीत त्या. फळाच्या चकत्या आहेत."

"कशासाठी देता?"

इथे मी चुकले. खरं बोलले. "पचनासाठी."

"म्हणजे औषध. औषधाला फॉर्म लागतो. डॉक्टरांची सही."

"माझे मिस्टर डॉक्टर आहेत."

"घरचे चालत नाहीत."

मी फॉर्म घेऊन आमच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सुरळी उलटसुलट केली, एक चकती तोंडात टाकली, दुसरी टाकली, आणि म्हणाले, "मिसेस कुंटे, ही मिठाई आहे. मिठाईवर मी सही करू शकत नाही." हे मी मिसेस प्रिचर्डना कळवलं. त्या म्हणाल्या, मिठाई असेल तर नव्या हेल्दी लंच पॉलिसीखाली तिला सक्त बंदी आहे. म्हणजे माझी चकती औषध म्हणून आत जाऊ शकत नव्हती आणि खाऊ म्हणून बाहेर येऊ शकत नव्हती. दोन आठवडे ती मिसेस प्रिचर्डच्या कपाटात दम्याच्या पंपांच्या शेजारी कुलपात पडून होती. मुलीचं वजन वाढलं नव्हतं. फाईल वाढली होती.

"ताजं फळ चालेल," पॉलिसीत लिहिलं होतं. ठीक आहे. ऑक्टोबर उजाडला तशी आमच्या पार्कच्या कडेची हॉथॉर्नची झुडपं लाल फळांनी लगडली. मी छत्री उलटी धरून फांदी वाकवली आणि फळं त्यात पाडू लागले. छत्री अर्धी भरली तेवढ्यात कौन्सिलची हिरवी व्हॅन थांबली आणि पार्कची राखण करणारा रेंजर खाली उतरला.

"काय चाललंय, मॅडम?"

"मुलीला भूक लागावी म्हणून."

त्या रेंजरने माझ्याकडे पाहिलं, छत्रीकडे पाहिलं आणि विलक्षण सभ्यपणे म्हणाला, "घरात खायला काहीच नाही का?"

आयुष्यात एवढा अपमान माझा कुणी केला नव्हता, आणि तोही इतक्या कळवळ्याने. माझ्या घरात तेव्हा तीन प्रकारच्या चकल्या होत्या! त्याने मला गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या फूड बँकेचा पत्ता दिला आणि सांगितलं की ही फळं पक्ष्यांची, माणसांना हवी असतील तर पार्क्स डिपार्टमेंटला अर्ज करावा. मी केला. पाच आठवड्यांनी उत्तर आलं: शैक्षणिक कारणासाठी, दोन किलोपर्यंत, फेब्रुवारीत. फेब्रुवारीत त्या झुडपांवर काटे असतात.

छत्रीतल्या फळांची जेली मात्र केली. बिया काढता काढता नखं गेली. मिसेस लाऊंना बरणी दाखवली तर त्यांनी उजेडात धरली. "हे इंग्लिश हॉथॉर्न. आमचं लिंबाएवढं असतं. हे..." त्यांनी योग्य शब्द शोधला. "पक्ष्यांचं."

माझा चेहरा बघून त्यांना वाईट वाटलं असावं. म्हणाल्या, "मला तिचं जेवण बघू दे एकदा. तू काय देतेस ते मला माहितीय. कसं देतेस ते बघते."

मी त्यांना रविवारी दुपारी जेवायला बोलावलं. आता पाहुणा येणार म्हटल्यावर नुसती पेज कशी ठेवणार? मसालेभात, अळूवडी, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, पुरणपोळी. आणि त्यांच्या मानाप्रीत्यर्थ वाफवलेलं पेअर. मिसेस लाऊ नेटकेपणाने, मनापासून जेवल्या. शेवटी ताटात थोडासा मसालेभात आणि पाव पोळी ठेवून त्यांनी चमचा खाली ठेवला.

आमच्याकडे ताटात टाकत नाहीत. पाहुण्याने टाकलं म्हणजे त्याला आवडलं नाही, नाहीतर तो भिडस्त आहे. मी म्हटलं, "मिसेस लाऊ, एवढं संपवा, प्लीज." त्यांनी मान तुकवली, संपवलं. ताट स्वच्छ झालं. आता रिकामं ताट म्हणजे काय? माणूस भुकेला आहे. मी वाढलं. त्यांनी खाल्लं, आणि पुन्हा थोडं ठेवलं. मी म्हटलं, "अहो, एवढ्यासाठी कशाला ठेवता?" त्यांनी संपवलं. मी वाढलं.

श्रीकांत माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होते. मला वाटलं त्यांना वरण हवंय. त्यांनाही वाढलं.

तिसऱ्या फेरीला मिसेस लाऊंनी दोन्ही हात ताटावर पालथे ठेवले. कपाळावर घाम होता.

"सनी. आमच्याकडे पाहुण्याने थोडं ठेवलं की अर्थ असा: पोट भरलं, तू भरपूर दिलंस, आभारी आहे. यजमानीण खूश होते. तू खूश का होत नाहीस?"

मी म्हटलं, "आमच्याकडे याला आग्रह म्हणतात. प्रेम असतं ते."

"असेल. पण आत्ता तू मला माझ्या आईच्या हातचं दिलंस तरी मी तोंड उघडणार नाही." आणि त्यांनी ओठ घट्ट मिटून दाखवले.

ते मिटलेले ओठ मी ओळखत होते. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, अगदी तस्सेच, खालचा ओठ जरा पुढे काढून, वरदा बसली होती. तिच्यापुढे ताट शिगोशीग. दोघी एकमेकींकडे बघत होत्या, एकाच बराकीत सापडलेल्या कैद्यांसारख्या.

"माझं सूप रिकाम्या पोटासाठी आहे," मिसेस लाऊ म्हणाल्या. "हिचं पोट कधी रिकामं होऊ दिलंस?"

मी मनात दिवस चाळला. सातला बदामाचं दूध. आठला पेज. शाळेत जाताना केळं. डबा. शाळेच्या फाटकापाशी लाडू, कारण ती दमते. चारला कढण. पाचला आज डबा खाल्ला नाही म्हणून पोळीचा लाडू. सहाला सहाचं... सात वर्षं मी त्या मुलीला भूक लागायच्या आधी गाठत होते.

"अर्धी वाटी," मिसेस लाऊ उठताना म्हणाल्या. "दिवसातून तीनदा. चारला काहीतरी लहानसं. मध्ये काही नाही. आणि ती बास म्हणाली की वाटी उचलायची. तोंड बंद. तिचं नव्हे, तुझं."

"आणि उरलेलं?"

"तू खातेस ना? दिसतंय."

सोमवारी मी आहारतज्ज्ञ बाईंना फोन केला. चिनी शेजारणीचं ऐकून मुलीला कमी वाढायचं, हे आपल्या जबाबदारीवर कोण करणार? बाई सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "मिसेस कुंटे, हे एप्रिलमध्ये दिलेल्या पत्रकाच्या दुसऱ्या पानावर आहे." पत्रक शोधलं. ते फ्रिजवरच होतं. माझ्या चार ऋतूंच्या तक्त्याखाली.

पुढचे चार दिवस मी सांगणार नाही. वरदाने अर्ध्या वाटीतलेही तीन घास खाल्ले आणि म्हणाली, "बास." मी वाटी उचलली. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू आई आजारी आहे. मी फडताळात तोंड घालून डबे मोजत उभी राहायची. श्रीकांत म्हणाले, "एवढी शांतता मी फक्त ऑपरेशन थिएटरमध्ये बघितलीय." आणि मग, हळूच, "जमतंय तुला." लग्नाला वीस वर्षं झाली, माझ्या स्वयंपाकाबद्दलही ते इतकं कधी काही बोलले नव्हते.

पाचव्या दिवशी आलं-खजुराची पेज होती. वरदाने अर्धी वाटी संपवली, उठली आणि खेळायला गेली. मी पळी हवेत धरून उभी. ती पळी परत पातेल्यात ठेवायला मला जेवढी ताकद लागली तेवढी बाळंतपणातही लागली नव्हती.

डिसेंबरात मंडळाच्या जेवणाला सुहासिनीताईंनी वरदाच्या ताटात न विचारता दुसरा गुलाबजाम टाकला. "खा गं बाई, वाऱ्याने उडशील!"

"ताई, आग्रह नको तिला," मी म्हणाले.

सुहासिनीताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू धर्म बदलला. "बरंय बाई. तुमच्या त्या चिनी पद्धतीने होऊ दे सगळं." पण वरदाने टेबलाखालून माझा हात धरला.

वजन मी घरी करायचं नाही, असं स्वतःला बजावलं होतं. त्यामुळे जानेवारीतल्या त्या सोमवारी क्लिनिकला निघालो तेव्हा मला काहीच ठाऊक नव्हतं. अकरा वाजून दहा मिनिटांची वेळ. बाहेर गारठा, बसच्या काचांवर वाफ. मी आतल्या आत नळीशी बोलत होते. सकाळी वरदा घाईत अर्ध्या वाटीतलंही निम्मंच खाऊन निघाली होती आणि माझ्या पर्समध्ये काही नव्हतं. ते तर नियमात होतं.

रस्त्याच्या कामापाशी बस खोळंबली. वरदा खिडकीवर बोटाने मांजर काढत होती. अचानक म्हणाली, "आई, माझ्या पोटात काहीतरी होतंय."

"दुखतंय?"

"नाही. असं... आत कोणी नाही असं वाटतंय." मग तिचा चेहरा उजळला, कोडं सुटल्यासारखा. "आई! मला भूक लागली!"

पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्याने मागे वळून पाहिलं. मी घड्याळ पाहिलं. दोन स्टॉप राहिले होते, दहा मिनिटं राहिली होती. नऊ महिने मी ज्या तारखेची धास्ती घेतली होती ती तारीख आजची होती.

मी बेल दाबली.

कोपऱ्यावर एक लहानसा कॅफे होता. वरदाने स्वतः काउंटरवर जाऊन जॅकेट पोटॅटो, म्हणजे सालीसकट भाजलेला बटाटा मागितला, चीज आणि बीन्स घालून. कुठल्याच ऋतूच्या रकान्यात तो नव्हता. तो आला तो तिच्या डोक्याएवढा. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. फुंकर घालायला उठले नाही, कुस्करून द्यायला उठले नाही. तिची जीभ पोळली, पाणी प्यायली, पुन्हा तुटून पडली. हनुवटीला बीन्सचा रस. मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण बघितलं असतं तर रडले असते, आणि रडले असते तर ती थांबली असती.

क्लिनिकच्या रिसेप्शनवर मुलगी म्हणाली, "चाळीस मिनिटं उशीर झाला. दहाच्या वर झाला की अपॉइंटमेंट रद्द होते. पुढची सहा आठवड्यांनी. कारण काय लिहू?"

एरवी मी तिथे व्याख्यान दिलं असतं. आज म्हटलं, "काहीही लिहा."

घरी पोचते तोच फोन वाजला. श्रीकांत, दोन ऑपरेशनांच्या मधून. एवढी वर्षं लोकांना शांत झोपवणाऱ्या माणसाचा आवाज कापत होता. "किती भरलं वजन?"

"माहीत नाही. उशीर झाला, परत पाठवलं. आम्ही जेवत होतो."

पलीकडे मागे कुठलंतरी यंत्र टिकटिकत होतं. "आम्ही म्हणजे कोण?"

"वरदा. अख्खा जॅकेट पोटॅटो. वरची सालसुद्धा."

मग त्यांनी घसा साफ केला. "आणि तू? तू काय खाल्लंस?"

"काही नाही," मी म्हणाले. "आज उरलंच नाही."